पंडिता रमाबाई आणि प्लेगाचें वर्ष

सन २०२० च्या एप्रिल महिन्याची ५ तारीख हा झावळ्यांचा रविवार होता. आमच्या मंदिराच्या दारास कुलूप होतें आणि किल्ली आमच्या घरीं खुंटीला टांगलेली होती. दरवर्षीं जीं मुलें हातांत शिंदीच्या झावळ्या घेऊन गीत गात गांवांतून फिरतात, तीं त्या दिवशीं आपापल्या उंबरठ्याच्या आंत बसलीं होतीं. सायंकाळीं मंडळींतील एक वृद्ध वडील आमच्या अंगणाच्या कडेला, अंतर राखून, उभे राहिले. मंदिर बंद, प्रभुभोजन बंद, मयताबरोबर जावयास मोजकीं माणसें. मग अशा वेळीं मंडळी म्हणून जी कांहीं आहे ती कोठें असते, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं त्यांस कांहींतरी उत्तर दिलें. तें उत्तर आमचें आम्हांसच पुरेसें वाटलें नाहीं.

रात्रीं पंचांग पाहतां ध्यानांत आलें, कीं पंडिता रमाबाई प्रभूकडे गेल्या ती हीच तारीख, ५ एप्रिल १९२२. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली. ज्या कायद्याच्या आधारें त्या मार्च महिन्यांत आमच्या राज्य सरकारनें निर्बंध घालण्यास आरंभ केला, तो साथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं झालेला होता. तो झाला होता मुंबईंतील प्लेगासाठीं, आणि त्याचा कडक अंमल ज्या शहरांनीं प्रथम अनुभवला त्यांत पुणें हें एक. त्या वेळीं रमाबाईंचें शारदासदन पुण्यांत होतें आणि दुष्काळांतून वांचविलेल्या मुली त्यांच्या पदरीं होत्या. म्हणून आज त्यांचें चरित्र सांगतांना आम्ही त्या एका वर्षापाशीं अधिक वेळ थांबणार आहों. बाकीचें पुष्कळ वाचकांस ठाऊकच आहे. तें लवकर उरकूं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें हा त्यांचा मोठा अपराध ठरला होता. आणि त्याच लक्ष्मीबाईंनीं पुढें आपल्या धाकट्या मुलीस पहाटेच्या अंधारांत उठवून हजारों श्लोक तोंडपाठ करविले. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थांतीर्थांतून हिंडत असे. जवळ होतें तें दानधर्मांत सरलें. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां त्यांना भिक्षा मागण्याची लाज वाटे आणि मजुरीची संवय नव्हती. अकरा अहोरात्र त्यांनीं रानांतला पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण कृष्णाबाई. आईच्या तिरडीस चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हां कोवळ्या वयाच्या रमाबाई पुढें झाल्या, आणि उंची पुरेना म्हणून त्यांनीं तो भार खांद्याऐवजीं डोक्यावर घेतला. वाचकांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊही वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं, जातीचें बंधन मोडून, विवाह केला. सिल्चर येथील त्यांच्या घरीं पतीच्या पुस्तकांत त्यांस बंगालींतील लूकाच्या शुभवर्तमानाची एक लहान पुस्तिका सांपडली. ती तेथें कशी आली हें कोणास आठवत नव्हतें. आमच्या सुवार्तिक बंधूंनीं याची नोंद घ्यावी. बाजारांत विकलेलीं आपलीं लहान पुस्तकें कोणाच्या फळीवर किती वर्षें पडून राहतात आणि कोणाच्या हातीं लागतात, हें आपणांस कळत नसतें. १८८१ सालीं मनोरमेचा जन्म झाला, आणि पुढच्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेला. तेव्हां रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

पुढें पुण्यास आगमन, आर्य महिला समाज, १८८३ सालीं इंग्लंडास प्रयाण. पुण्यांत असतां भाई नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशीं त्यांचा परिचय झाला होता, आणि त्यांच्याच लेखनानें त्यांच्या कित्येक शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें माता व कन्या यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अमेरिका, तेथें स्त्रियांच्या स्थितीविषयीं लिहिलेलें पुस्तक, बोस्टन येथें स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं उघडलेलें शारदासदन. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तें पुण्यास हलविलें. धर्म शिकविणार नाहीं, परंतु कोणी आपण होऊन प्रार्थनेस बसल्यास दार लावून घेणारही नाहीं, असा त्यांचा परिपाठ असे. त्यावरून १८९३ सालीं मोठें वादळ उठलें, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या, आणि ज्या सुधारकांनीं हातभार लावला होता त्यांनींही अंग काढून घेतलें.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट मध्यंतरीं घडून गेली होती आणि ती बाहेर कोणास दिसली नव्हती. बाप्तिस्म्यास आठ वर्षें झाल्यावर रमाबाईंच्या ध्यानांत आलें, कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ज्याच्या नांवानें तो धर्म आहे तो ख्रिस्त आपण अजून धरलेला नाहीं. हें कबूल करावयास विद्वान मनुष्यास फार जड जातें. आम्हां सेमिनरींत शिकलेल्या लोकांस तर विशेषच. त्या बुद्धीनें ख्रिस्ती झाल्या होत्या. आतां त्या पाप्याप्रमाणें कृपेच्या दारीं आल्या. पुढें जें सांगावयाचें आहे तें या अनुभवावांचून समजणार नाहीं. कारण ज्या श्रद्धेला इमारत, वर्गणीदार आणि लोकमत यांचा टेकू लागतो ती १८९७ सालीं पुण्यांत टिकली नसती.

दुष्काळापूर्वी लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळा भरला होता. तेथें त्यांनीं आपल्या घरांतील प्रभूला शरण आलेल्या मुली मोजल्या. त्या पंधरा होत्या. पंधराची पंधरापट व्हावी, म्हणजे दोनशें पंचवीस, अशी त्यांनीं प्रार्थना केली. त्या वेळीं शारदासदनांत पन्नासाच्या आगेंमागें मुली, आणि इतक्या जणींस पुरेल एवढी जागा नव्हती, पैसा नव्हता आणि इतक्या मुली येणार कोठून हेंही दिसत नव्हतें. याच सुमारास पुण्यापासून सुमारें ३५ मैलांवर, दौंडच्या रेल्वेवर, केडगांव येथें त्यांनीं शंभरेक एकर जमीन घेतली होती. संत्रीं, लिंबें, आंबे लावून त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालवावी हा हेतु. विहीर खणली होती, कलमें लावलीं होतीं. माणसांच्या राहण्यासाठीं म्हणून तेथें कांहीं बांधलें नव्हतें.

१८९६ सालीं पाऊस गेला. मध्य प्रांतांतून दुष्काळाच्या बातम्या येऊं लागल्या. रमाबाईंनीं त्या वाचल्या आणि आरंभीं त्या जागच्या हालल्या नाहींत, हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. आपण एकटी बाई, आपल्याजवळ काय आहे, असें त्यांस वाटे. परंतु अकरा दिवसांच्या त्या उपासाची आठवण त्यांस झोपूं देईना. शेवटीं त्या निघाल्या. दुष्काळी कामें आणि गरीबखाने त्यांनीं स्वतः फिरून पाहिले. तेथें त्यांस भुकेपेक्षांही भयंकर असें कांहीं दिसलें: अनाथ मुलींना भाकरीच्या तुकड्यासाठीं फसवून नेणारीं माणसें गरीबखान्यांच्या आसपास टपून बसलेलीं असत, आणि ज्यांनीं राखण करावयाची त्यांतलेच कांहीं त्यांना सामील असत. रमाबाईंनीं तीनशें मुली आणण्याचा निश्चय केला आणि तुकड्या तुकड्यांनीं त्या पुण्याकडे पाठविण्यास सुरुवात केली. हाडांवर नुसती कातडी, तोंडें आलेलीं, अंगावर खरूज, डोक्यांत फोड, अशा त्या मुली होत्या. कित्येकींना नीट उभें राहतां येत नव्हतें. कित्येक वांचल्या नाहींत.

आणि ज्या पुण्यास त्या आणल्या जात होत्या तेथें प्लेग आला होता.

मुंबईंत मांडवी भागांत तो सप्टेंबर १८९६ मध्यें प्रथम ओळखला गेला. लोक त्यास ग्रंथिकसन्निपात म्हणूं लागले. काखेंत वा जांघेंत गांठ, ताप, भ्रम आणि तीनचार दिवसांत मृत्यु. उंदीर पडूं लागले कीं माणसें पडतात एवढें लोकांस दिसत होतें, परंतु उंदरावरील पिसवा हा रोग माणसांस देतात हें सिमाँ नांवाच्या फ्रेंच वैद्यानें दाखविलें तें १८९८ सालीं, आणि तेंही सर्वांनीं मान्य करण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. म्हणजे १८९७ सालीं सरकार लढत होतें तें शत्रू न ओळखतांच. घरें धुवावीं, जमीन उकरावी, चुना मारावा, कपडे जाळावे, माणसें वेगळीं काढावीं, असे उपाय चालले. हाफकीन साहेबांची लस त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईंत तयार झाली होती, पण ती फार थोड्यांपर्यंत पोंचली.

पुण्यांत त्या मार्च महिन्यांत काय झालें, तें ज्यांनीं २०२० पाहिलें त्यांस कल्पनेनें जाणतां येईल. तरी भेद मोठा होता. आमच्या वेळीं आपल्याच लोकांचें राज्य होतें आणि दारावर येणारी ताई गांवचीच आशा कार्यकर्ती होती. तेव्हां दारावर गोरे शिपाई येत. १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रुग्णांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. १३ मार्चपासून रँड साहेबांच्या कमिटीनें लष्कराकडून घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी सांपडला कीं तो रुग्णालयांत, घरचीं माणसें छावणींत, सामान बाहेर, पुष्कळदां आगींत. देवघर असो, माजघर असो, शिपाई आंत शिरत. स्त्रियांच्या अंगाची तपासणी होई आणि तीही पुष्कळदां परक्या पुरुषांसमोर. मयत लपविणें गुन्हा झाला. रेल्वेवर उतारू तपासले जात, यात्रांवर बंदी आली, ज्याला शक्य होतें त्यानें शहर सोडलें. इतिहास वाचणाऱ्यांस पुढचें ठाऊक आहे: २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड साहेबांवर गोळी झाडली गेली.

याच दिवसांत रमाबाईंवर हुकूम आला. शारदासदनांतील माणसांची संख्या वाढवूं नये; शहरांत नव्या मुली आणूं नयेत. हुकूम अन्यायाचा नव्हता, हें आम्ही मोकळ्या मनानें म्हणतों. दाट वस्तींत, रोग पसरला असतां, अशक्त मुलींचे थवे आणून कोंडणें हें कोणत्याही अधिकाऱ्यास चालण्यासारखें नव्हतें. पण मध्य प्रांतांतून मुली निघाल्या होत्या. कांहीं गाडींत होत्या. त्यांना परत पाठवावें तर कोठें? ज्या दारापासून ओढून काढल्या त्याच दारीं?

रमाबाईंनीं हुकूम मानला. त्यांनीं तो चुकविण्याची वाट शोधिली नाहीं, कीं रात्रीच्या अंधारांत मुली आंत घेतल्या नाहींत. त्यांनीं केडगांवच्या उघड्या माळाकडे पाहिलें. तेथें बैलांसाठीं म्हणून उभारलेला एक लांब गोठा होता. तोच मुलींचें निजण्याचें घर झाला, तोच शाळा, तोच दवाखाना आणि रविवारीं तोच मंदिर. जागा अपुरी पडली तेव्हां गवताच्या झोंपड्या उभ्या राहिल्या. उन्हाळ्याचे दिवस, केडगांवचा वारा आणि धूळ ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगावयास नको. फळबागेसाठीं खणलेल्या विहिरीचें पाणी आतां शेंकडों मुलींनीं प्यावयाचें होतें.

येथें एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. रमाबाईंपाशीं शिकलेले उपदेशक नव्हते. शारदासदनांत चार वर्षें राहून ज्या मुली वाचावयास शिकल्या होत्या त्यांच्यावरच त्यांनीं हीं नवीं लेंकरें सोंपविलीं. एकेकीकडे मुलींचा एकेक लहान गट. त्यांचे फोड धुवावयाचे, त्यांना पेज भरवावयाची, अक्षर काढावयास शिकवावयाचें, निजतांना प्रार्थना सांगावयाची. ज्या कालपर्यंत स्वतः आश्रित होत्या त्या आतां आया झाल्या. मोठ्या शहराच्या मंडळींत हें काम पगारी माणसाकडे गेलें असतें. गोठ्यांत तें ज्याचें त्याला करावें लागलें, आणि ज्यांनीं तें केलें त्यांच्यांतूनच पुढें मुक्तीच्या शिक्षिका, परिचारिका आणि बायबल स्त्रिया निघाल्या. आमच्या वृद्ध वडिलांच्या प्रश्नास त्या झावळ्यांच्या रविवारीं जें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं तें पुढें आमच्याच गांवीं आम्हांस थोडेंफार दिसलें. तीन आळ्यांतील तीन घरांत, कोणींही न सांगतां, तीन बहिणी आपल्या घरच्यांस घेऊन शास्त्रपठन करीत होत्या. त्यांतील एकीस वाचतां येत नव्हतें. तिचा नातू वाची आणि ती अर्थ सांगे. कांहीं ठिकाणीं तो अर्थ चुकीचा होता. तें असो.

हुकूम मानणें ही एक गोष्ट. पाहिलेलें न बोलणें ही दुसरी. या दोहोंची गल्लत आपल्या मंडळ्यांत नेहमीं होते. त्या काळचे बहुतेक ख्रिस्ती लोक सरकारविरुद्ध शब्द काढण्यास भीत. सरकार ख्रिस्ती, मिशनरी साहेब सरकारच्या ओळखीचे, मग आपण कां बोलावें, असा विचार असे. रमाबाईंनीं मे १८९७ मध्यें मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती पत्रांत, आपल्या नांवानिशीं, पुण्याच्या प्लेग रुग्णालयाविषयीं आणि छावणीविषयीं पत्र प्रसिद्ध केलें. स्त्रियांची तेथें नीट राखण होत नाहीं, त्यांची अब्रू सुरक्षित नाहीं, त्यांची देखभाल करणारीं माणसें विश्वासाचीं नाहींत, असा त्यांचा आरोप होता. त्यांच्या स्वतःच्या आश्रमांतून नेलेली एक मुलगी परत हातीं लागली नाहीं आणि ती वाईट माणसाच्या तावडींत सांपडली, हें दुःख त्या पत्राच्या मुळाशीं होतें.

विचार करा, ही बाई कोणाच्या आश्रयाला उभी होती. पुण्यांतले सनातनी तिचे शत्रू, सुधारक दुरावलेले. जवळचे असे उरले ते मिशनरी आणि इंग्रज स्नेही. त्यांनाच न आवडेल असें सत्य तिनें सांगितलें. तिच्या हातीं तीनशें मुलींचे जीव होते आणि अधिकाऱ्यांच्या एका हुकुमासरशीं केडगांवचा गोठाही बंद होऊं शकला असता. विलायतेंत पार्लमेंटांत या पत्रावरून प्रश्न विचारले गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनें आरोप नाकारले आणि पत्र दिशाभूल करणारें आहे असें ठरविलें. रमाबाईंनीं माघार घेतली नाहीं. चौकशी झाली ती ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच हाताखालीं, म्हणून तिच्या निर्णयावर आमचा फारसा भरंवसा नाहीं. पत्रांतील प्रत्येक तपशील बरोबर होता काय हें आज सिद्ध करितां येणार नाहीं. परंतु त्या मुलीचें नांव घेऊन विचारणारें कोणीतरी होतें, एवढें खरें.

आणखी एक प्रश्न कोणी करील. ज्या प्रभूवर भरंवसा ठेवावयाचा, त्याच्यावर भरंवसा ठेवून रमाबाई शहरांतच कां राहिल्या नाहींत? रोगापासून राखण्यास तो समर्थ नाहीं काय? २०२० सालीं असें बोलणारे आमच्याकडेही निघाले, आणि त्यांनीं दारें लावून भरविलेल्या सभांतून कोणकोणत्या घरीं रोग गेला हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. रमाबाईंची श्रद्धा याहून निराळी होती. त्यांनीं मुलींना औषध दिलें, वेगळें ठेविलें, स्वच्छ केलें, मोकळ्या हवेंत नेलें. आणि हें सर्व करतांना उद्यांचें धान्य कोठून येईल हें त्यांस ठाऊक नव्हतें. भरंवशाची जागा तेथें होती. रोज सकाळीं इतकीं तोंडें, आणि पेटींत जे असेल तें. त्या वर्षीं मदत आली; कधीं अमेरिकेंतून, कधीं विलायतेंतून, कधीं याच देशांतील अनोळखी माणसाकडून, आणि पुष्कळदां अगदीं वेळेवर. ती न येती तर काय झालें असतें, हें आम्हांस माहीत नाहीं, आणि तसें बोलून दाखविण्याचा मोह आम्ही टाळतों.

लोणावळ्यास मागितलेला दोनशें पंचवीसचा आंकडा त्या वर्षीं मागें पडला; दुष्काळांतून आलेल्या मुलीच तीनशेंच्या घरांत होत्या. पण आलेलीं तोंडें मोजणें आणि प्रभूला मिळालेले आत्मे मोजणें हीं दोन कामें आहेत, हें रमाबाई विसरल्या नाहींत. पहिले कित्येक महिने त्यांनीं खरजेचें मलम आणि बाजरीची भाकरी यांचीच चिंता केली. वर्षाच्या उत्तरार्धांत मात्र पुष्कळ मुलींनीं आपण होऊन बाप्तिस्मा मागितला व घेतला.

अनिश्चितता तेवढ्यानें संपली नाहीं. अमेरिकेंतील असोसिएशननें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें होतें. तीं दहा वर्षें याच वेळीं पुरीं होत होतीं. १८९८ च्या आरंभीं रमाबाई त्या देशास गेल्या, जुना हिशेब दिला आणि तेथें नवी असोसिएशन उभी राहिली. त्यांच्या गैरहजेरींत केडगांवचें काम सुंदराबाई पवार यांनीं सांभाळलें. या सुंदराबाईंविषयीं आपल्या मंडळ्यांत फार थोडें बोललें जातें. त्यांच्यावर एकदां स्वतंत्र लिहिलें पाहिजे. रमाबाई परतल्यावर गोठ्याच्या जागीं दगडी इमारती उठूं लागल्या. वस्तीस मुक्ति हें नांव मिळालें.

त्यानंतर १८९९ व १९०० सालीं गुजरात व राजपुताना यांत दुष्काळ पडला, आणि मुक्तींत माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. या वेळीं घाबरण्यासारखें कांहीं वाटलें नसावें. वाट माहीत झाली होती. १९०५ सालीं तेथें जें आत्मिक जागरण झालें त्याविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे, कीं आम्ही येथें भर घालीत नाहीं.

उतारवयांत रमाबाईंना ऐकूं येईनासें झालें होतें. इब्री व ग्रीक शिकून त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम हातीं घेतलें. पंडितांसाठीं नव्हे, थोडें वाचतां येणाऱ्या बायकांसाठीं. त्या भाषांतराची मराठी ओबडधोबड आहे असें जाणते म्हणतात आणि तें खोटें नाहीं. १९१९ सालीं सरकारनें, म्हणजे ज्या सरकारानें त्यांचें पत्र खोटें ठरविलें होतें त्यानेंच, त्यांस कैसर-इ-हिंद हें पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक मुलगी मनोरमा, जी पुढें सर्व सांभाळणार होती, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं वारली. आई कामावर बसून राहिली. शास्त्राचीं शेवटचीं मुद्रितें तपासून झालीं आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं डोळे मिटले.

तें शास्त्र १९२४ सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. खिळे जुळविण्याचें, छापण्याचें आणि बांधणीचें काम तेथील स्त्रियांनीं व मुलींनीं केलें होतें. त्या छापखान्यांत काम करणाऱ्या कित्येकींनीं पहिलें अक्षर दुष्काळाच्या वर्षांत, केडगांवच्या माळावर, धुळींत बोटानें काढलें होतें.